एका कड्याचा इतिहास

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून निघून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला एका पोलिश ज्योतिर्विदाचे नाव दिलेले आहे. निकोलस कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला, आणि स्थिर मानलेली पृथ्वी स्वतःभोवती व सूर्याभोवती फिरते, हा विचार युरोपातील विद्वानांपुढे आला. त्याच्या नावाच्या या कोपर्निकस मार्गावर दूरदर्शनचे भवन आहे, कमानी सभागृह आहे, दिल्लीस येणाऱ्या मराठी माणसाच्या परिचयाचे जुने महाराष्ट्र सदन आहे. आणि इंडिया गेटकडील टोकाशी, बडोद्याच्या गायकवाडांसाठी लट्येन्सने रचलेले बडोदा हाउस आहे. कित्येक दशके या भागातील फाटकांतून पांढऱ्या अम्बॅसडर मोटारींची ये-जा चालत असे. अशी मोटार चार-सहा तास एके जागी उभी राहून निघून गेली की जमिनीवर बहुधा तेलाचा एक काळा ठिपका मागे उरावयाचा. त्या ठिपक्याकडे कोणी लक्ष देत नसे. परंतु यंत्रविद्येच्या इतिहासातील एक जुना आणि चिवट प्रश्न त्या ठिपक्यात सामावलेला होता.

आकाशातील गोल कशालाही न टेकता फिरतात. त्यांना वंगण लागत नाही. माणसाने केलेले प्रत्येक चाक मात्र कशात तरी टेकून फिरते. जेथे टेकते तेथे घासते, आणि जेथे घासते तेथे वंगण घालावे लागते. वंगण घातले की दुसरी अडचण उभी राहते. फिरणारा दांडा ज्या पेटीतून बाहेर येतो, त्या पेटीला भोक ठेवणे भाग असते. भोक सैल असेल तर त्यातून वंगण बाहेर गळते आणि धूळ आत शिरते. घट्ट असेल तर दांडा फिरत नाही, फिरला तर तापतो. फिरते आणि स्थिर यांच्या सीमेवर असा पहारेकरी हवा, की जो दांड्याला फिरू देईल, पण तेलाला बाहेर जाऊ देणार नाही. मोटारीच्या इंजिनात हे काम ज्या लहानशा कड्याकडे असते, त्याला मोटारदुरुस्तीच्या धंद्यात सर्वत्र ‘ऑइल सील’ म्हणतात. यंत्रांच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच येते. तरीही त्याचा वृत्तांत पाहण्याजोगा आहे, कारण यंत्र घडविण्याइतकेच ते राखणेही अवघड असते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

आपल्याकडील बैलगाडीला हा प्रश्न होताच. चाकाच्या तुंब्यात आख फिरे तेथे वंगण भरीत. ते प्रवासात ओघळून जाई, धुळीशी मिसळून काळे होई, आणि गाडीवान मुक्कामाला पुन्हा वंगण घाली. गळणे थांबविण्याचा विचार त्या व्यवस्थेत नव्हता. गळले तितके भरणे, हाच उपाय होता. बैलाच्या चालीला तो पुरेसा होता. पण चाकाच्या फेऱ्या मिनिटाला शेकड्यांनी आणि पुढे हजारांनी मोजाव्या लागल्या, तेव्हा तो अपुरा पडला.

वाफेच्या यंत्राने हा प्रश्न प्रथम निकडीचा केला. न्यूकोमेनच्या जुन्या यंत्राचे नळकांडे वरून उघडे असे. दट्ट्याच्या कडेला चामडे लावून वर पाण्याचा थर ठेवला की काम भागे. जेम्स वॉटने १७६९ च्या एकस्वानंतर जे यंत्र सिद्ध केले त्यात नळकांडे वरूनही बंद झाले, आणि दट्ट्याचा दांडा झाकणातून बाहेर काढणे आले. त्यासाठी झाकणावर एक पेला बसवून त्यात चरबीत भिजविलेला ताग ठासून भरीत व वरून दाबाची कडी आवळीत. ताग झिजला की कडी आणखी आवळायची, आणि तेही पुरेनासे झाले की ताग बदलावयाचा. सरकत्या वा फिरत्या दांड्याभोवती मऊ वस्तू दाबून बसवावी आणि झिजण्याचे काम त्या मऊ वस्तूकडे सोपवावे, हे तत्त्व येथे रूढ झाले. दांडा महाग, ताग स्वस्त. तेव्हा स्वस्ताने झिजावे आणि महागाने टिकावे, असा हा व्यवहार होता.

पुढचे पाऊल जोसेफ ब्रामाच्या जलदाबयंत्रात पडले. या यंत्राचे एकस्व १७९५ चे. त्यात पाण्याचा दाब इतका प्रचंड असे की ठासलेला ताग टिकेना. तेव्हा चामड्याची, वाटीसारख्या कडांची एक चकती वापरण्यात आली. ही युक्ती ब्रामाच्या कारखान्यातील तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले याची, असे मानतात. वाटीची कड दाबाकडे तोंड करून बसविलेली असल्याने दाब जितका वाढे तितकी ती दांड्याला अधिक चिकटे. शत्रूच्या बळानेच पहारेकरी बळकट व्हावा, तसा हा प्रकार होता. आजच्या ऑइल सीलच्या ओठाची कुळी येथपर्यंत मागे नेता येते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला या प्रश्नाची ओळख मोटारीने करून दिली नाही. ती पाण्याच्या पंपाने करून दिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगरापासून निघालेला हा कारखाना पुढे पंपांकडे वळला आणि १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना पुण्याजवळ खडकीस उभा राहिला. त्याआधी विहिरीचे पाणी चामड्याची मोट काढीत असे, आणि मोट गळू लागली की ती शिवून घेत. तिची जागा पंपाने घेतली, तरी चामडे जाऊन त्याच्या जागी सुताची वेणी आली इतकेच. पंपाचा दांडा जेथून बाहेर येतो तेथे ग्रॅफाइट वा चरबी लावलेल्या दोरीचे वेढे भरतात. नवशिका माणूस पाणी ठिबकताना पाहून तेथील नट करकचून आवळतो आणि थोड्याच वेळात दोरी जळून दांड्यावर खाच पडते. जाणता माणूस थेंब-थेंब ठिबकू देतो. कारण तेच पाणी दोरीला थंड ठेवते. काही गळणे हा दोष नसून ती गरज असते, हे ज्ञान शेकडो विहिरींच्या काठी अनुभवाने साठत गेले.

रेल्वेची कथा याच वळणाची आहे. बडोदा हाउसमध्ये १९५२ साली स्थापन झालेल्या उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. जुन्या डब्यांच्या व वाघिणींच्या आखांची टोके ज्या पेट्यांत फिरत त्यांत तेलात भिजविलेल्या सुताचे वा लोकरीचे बोळे भरलेले असत. मागील बाजूने तेल निसटे व धूळ शिरे. तेल संपले की आख तापून लाल होई. वेळीच ध्यानात न आल्यास तो तुटून गाडी रुळांवरून घसरे. ‘हॉट ॲक्सल’ हा शब्द म्हणूनच गाडीमागून गाडीचे निरीक्षण करणाऱ्या प्रत्येक रेल्वे कामगाराच्या तोंडी बसला. पेरांबूरचा डबे बांधण्याचा कारखाना १९५५ साली सुरू झाला आणि बंद पेटीतील रोलर बेअरिंगे प्रचारात आली, तसे हे दुखणे पुष्कळ कमी झाले. त्या सुधारणेत बेअरिंगाचे नाव झाले. पेटी बंद ठेवणाऱ्या कड्यांचे नाव कोणी घेतले नाही.

मोटारीच्या आरंभकाळी इंजिनात तेल थेंब-थेंब सोडीत आणि काम करून ते रस्त्यावर गळून जाई. पुढे इंजिनाच्या तळाशी तेलाची पेटी आली आणि तेच तेल पुनःपुन्हा खेळविण्याची रीत पडली. तेव्हा ते आत राखणे अगत्याचे झाले. प्रथम नमद्याची कडी वापरली, मग चामड्याची. नमदा तेल शोषून घेतो, पण वेगाने फिरणाऱ्या दांड्यापुढे लवकर हार खातो. चामडे अधिक चिवट. म्हणून या धंद्यात उतरणारे आरंभीचे कारखानदार यंत्रशाळेतून आले नाहीत, ते कातडी कमावण्याच्या धंद्यातून आले. अमेरिकेतील शिकागो रॉहाइड ही १८७८ ची संस्था चामड्याचे पट्टे करीत असे. जर्मनीतील वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग ही १८४९ पासूनची चर्मशाळा होती. १९२९ च्या आर्थिक मंदीनंतर चामड्याला नवे गिऱ्हाईक शोधणे तिला भाग पडले, आणि वाल्टर सिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या कल्पनेवरून लोखंडी कवचात बसविलेले व स्प्रिंगने आवळलेले सील तेथे तयार होऊ लागले. जर्मन भाषेत अशा कड्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

या रचनेत तीन अंगे एकत्र आली. बाहेरचे पत्र्याचे कवच पेटीच्या भोकात घट्ट बसते आणि स्थिर राहते. आतील लवचिक ओठ दांड्याला टेकतो. ओठाच्या पाठीमागे बारीक तारेची वाटोळी स्प्रिंग असते. ओठ झिजत गेला तरी ती त्याला आवळून धरते. वॉटच्या काळी कडी आवळण्याचे जे काम माणसाच्या हाताकडे होते, ते आता स्प्रिंग आपोआप करू लागली.

चामड्याला मात्र मर्यादा होती. इंजिनातील तेल पाणी उकळण्याच्या तापमानाच्या आसपास पोहोचते. त्या उष्णतेत चामडे ताठरते. झाडाचे रबर वापरावे तर ते खनिज तेलात फुगून मऊ पडते. तोड निघाली ती रसायनशाळेत. १९३० च्या सुमारास जर्मन रसायनज्ञांनी तेलाला दाद न देणारे कृत्रिम रबर सिद्ध केले. तेच पुढे नायट्राइल रबर म्हणून जगभर प्रचारात आले. त्या दशकात चामड्याची जागा रबराने घेण्यास प्रारंभ झाला.

हे कडे नेमके कसे काम करते, याचा उलगडा मात्र बराच उशिरा झाला. ओठ दांड्याला कोरडा चिकटून बसतो आणि म्हणून तेल अडते, अशी सर्वसाधारण समजूत होती. ब्रिटिश संशोधक जॅगर याने १९५७ साली प्रयोगांनी दाखविले की ओठ आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो, आणि दांडा त्या थरावर तरंगत फिरतो. तेल अडविणारा ओठ स्वतः तेलावरच जगतो. तो थर नाहीसा झाला तर ओठ काही वेळातच जळून जातो. मग थर असूनही तेल बाहेर का येत नाही? ओठाच्या दोन उतारांचे कोन सारखे नसतात. त्या विषमतेमुळे आणि ओठावरील सूक्ष्म सुरकुत्यांमुळे निसटू पाहणारे तेल पुन्हा आत ढकलले जाते, हे पुढे जर्मनी व जपान येथील संशोधकांनी दाखवून दिले. कडे म्हणजे केवळ भिंत नव्हे, तो एक लहानसा पंप आहे. म्हणूनच ते उलटे बसविले तर तोच पंप तेल बाहेर फेकू लागतो.

त्याच १९५७ साली कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यातून अम्बॅसडर बाहेर पडली. मोटारी देशातच बनाव्यात, ही आकांक्षा त्याआधीची. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ पासून परदेशी भाग जोडून मोटारी तयार करण्यास आरंभ केला होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार निघाली. केवळ जोडकामावर न थांबता भाग येथेच बनवावेत, असे धोरण १९५३ नंतर सरकारने स्वीकारले, आणि ते मान्य नसलेल्या परदेशी कंपन्या निघून गेल्या. कुर्ला आणि उत्तरपाडा ही त्या धोरणाची दोन प्रमुख ठाणी ठरली.

अम्बॅसडर ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती होती, आणि थोड्याच काळात तिला बी.एम.सी.च्या ‘बी’ कुळातील १४८९ सी.सी.चे इंजिन मिळाले. या इंजिनाच्या क्रँकला तीन बेअरिंगे होती. क्रँकच्या मागच्या टोकाशी ओठाचे सील नव्हतेच. तेथे दांड्यावर स्क्रूसारखे आटे कापलेले असत. दांडा फिरला की ते आटे तेल आत ढकलीत. इंजिन चालू असेपर्यंत ही युक्ती ठीक चाले. इंजिन बंद झाले की आटे थांबत, आणि उरलेले तेल फटीतून हळूहळू खाली ठिबके. कोपर्निकस मार्गावरच्या त्या काळ्या ठिपक्याचे एक कारण असे रचनेतच होते. चालकाच्या हयगयीला सर्वस्वी दोष देता येत नव्हता. ब्रिटनमध्ये १९६४ साली याच कुळातील पाच बेअरिंगांच्या १७९८ सी.सी. इंजिनाला मागे रबरी ओठाचे सील बसविण्यात आले. भारतात मात्र जुने इंजिन त्यानंतरही दीर्घकाळ बनत राहिले. बाजारात स्पर्धा नव्हती, मोटारीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. अशा स्थितीत एका ठिपक्यासाठी रचना बदलण्याची निकड कोणाला वाटावी? १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीच्या सीमेवरील गुडगाव येथील कारखान्याची पहिली मारुती ग्राहकाच्या हाती पडली, आणि गळणार नाही अशी मोटार असू शकते, हे मध्यमवर्गाने प्रथमच अनुभवले. अम्बॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले.

तथापि नव्या रचनेनेही झीज संपली नाही. ती कड्यात एकवटली. वर्षे लोटली की उष्णतेने रबर कडक होते, ओठाला चिरा पडतात, स्प्रिंगचा ताण जातो. तेव्हा कडे बदलावे लागते, आणि येथे या इतिहासातील एक विसंगती समोर येते. कड्याची किंमत अल्प असते. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे श्रम अपार असतात. पुढचे सील बदलावयाचे तर पट्टा काढून क्रँकची पुली ओढून काढली की ते दिसते. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, मग क्लच, मग फ्लायव्हील. तेव्हा कोठे ते लहानसे कडे दृष्टीस पडते. ते उचकटताना दांड्याला ओरखडा उमटू नये, नवे बसविण्यापूर्वी ओठाला तेल लावावे, ओठाचे तोंड तेलाकडे असावे, कडे तिरपे न ठोकता सर्व बाजूंनी सारखे दाबावे, असे या कामाचे नियम आहेत. ते साधे आहेत, पण त्यांपैकी एक चुकला तरी सारे श्रम वाया जातात.

दोन गोष्टी अनुभवी मिस्त्रीच जाणतो. पहिली अशी की मऊ रबराने कठीण पोलाद झिजलेले असते. विहिरीच्या काठच्या दगडाला दोरीने खाच पडते, तशीच ओठात रुतलेल्या बारीक कचऱ्याने दांड्यावर एक रेघ पडलेली असते. नवे कडे त्याच रेघेवर बसविले तर पहिल्या दिवसापासून गळते. म्हणून ते किंचित आत-बाहेर बसवितात किंवा दांड्यावर पातळ नळी चढवितात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दट्ट्यांच्या कड्या झिजल्या, किंवा इंजिनाची हवा बाहेर सोडणारी नळी तुंबली, तर आत दाब साचतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. तेथे सीलमागून सील बदलणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशातली गत होते.

आणि बदललेच नाही तर? थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे उलट्या अंगाने खरी ठरते. थेंबाथेंबाने तळे आटते. मागच्या सीलचे तेल क्लचच्या प्लेटवर गेले की क्लच घसरू लागतो आणि चढणीवर गाडी ओढेनाशी होते. तेलाची पातळी उतरली की बेअरिंगे जळतात. ‘तेल घालीत राहू’ हा बैलगाडीच्या काळचा उपाय अनेकजण मोटारीलाही लावतात. राज्य परिवहनासारख्या मोठ्या व्यवस्थेला तो परवडत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तिच्या मागोमाग आगार आणि कार्यशाळा यांची जी साखळी उभी राहिली तिचे प्रयोजनच हे होते, की गाडी घाटात बंद पडण्यापूर्वी तिची तपासणी व्हावी.

लहान कड्याची किंमत किती मोठी असू शकते, हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. त्या दिवशी सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले आणि सांधा बंद राखू शकले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. तेथील कडे फिरत्या दांड्याचे नव्हते, स्थिर सांध्याचे होते. पण ताठरलेले रबर आपले काम विसरते, हा धडा एकच. त्याहून कठोर धडा असा, की कड्याविषयीचा इशारा काही अभियंत्यांनी आदल्या रात्रीच दिला होता, आणि तो मानला गेला नाही.

ऑइल सीलचा इशारा इतका भयंकर नसतो. तो जमिनीवर एका ठिपक्याच्या रूपाने येतो. जाणते मिस्त्री रात्री गाडीखाली एक स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवतात आणि सकाळी तो पाहतात. ठिपका पुलीच्या खाली पडला, की जेथे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तेथे, यावरून कोणते कडे थकले हे त्यांना कळते. रंगावरून आणि वासावरून तेल कोणते हेही कळते. तागाची चूड, सुताची वेणी, चामड्याची वाटी आणि रबराचा ओठ, ही सर्व रूपे एकाच करारावर चालत आली आहेत: यंत्राने चालावे आणि कड्याने झिजावे. कडे आपला वाटा निमूटपणे पार पाडते. माणसाचा वाटा एवढाच, की सकाळी वाकून तो पुठ्ठा पाहावा.